गावठाणातला खुरूस

आमच्या वांद्र्याच्या गावठाणात, वळणावरच, चुन्यानं रंगवलेला एक खुरूस (क्रूस) आहे. चौथऱ्यावर सन कोरलंय, पण इतक्या वर्षांच्या चुन्याखाली शेवटचा आकडा बुजून गेलाय. १८९६ असेल नाहीतर १८९७. आजी म्हणायची, “प्लेगचा खुरूस तो.” तिनंही तो उभारताना पाहिला नव्हता. तिला सांगितलं तिच्या सासूनं.

सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईत मांडवीला डॉक्टर अकासियो विएगस यांनी पहिल्यांदा प्लेग ओळखला. हे डॉक्टर गोव्याचे, आमच्यासारखेच ख्रिस्ती, म्हणून आजीच्या तोंडी त्यांचं नाव घरच्या माणसासारखं यायचं. पुढं मुंबईतून लाखो माणसं बाहेर पडली. वांद्रे तेव्हा मुंबईत नव्हतं, ठाणे जिल्ह्यात होतं. पण रोगाला कुठली हद्द? उंदीर पटापट मरू लागले, काखेत नि जांघेत गाठी येऊ लागल्या. फेब्रुवारी १८९७ मध्ये साथीचा कायदा आला आणि घराघरांतून झडत्या सुरू झाल्या. आजीची सासू म्हणे गाठीला जितकी भ्यायची, तितकीच झडतीवाल्यांना. आमची माणसं घरं सोडून शेतात झोपड्या बांधून राहिली. किती दिवस, हे प्रत्येक म्हातारी वेगळं सांगायची.

देवळात (म्हणजे चर्चमध्ये) गर्दी नको, असं झालं तेव्हा आळीआळीत असे खुरूस उभे राहिले. संध्याकाळ झाली की लाल चौकड्यांची लुगडी नेसलेल्या बाया तिथं रोझरी म्हणायला जमायच्या. सांत सेबास्तियांव आणि सांत रोक, हे साथीच्या रोगातले दोन राखणदार. सांत रोकच्या तसबिरीत मांडीवरची जखम आणि तोंडात पाव धरलेला कुत्रा असतो. आम्हा पोरांचं सगळं लक्ष त्या कुत्र्याकडे. संतानं रोग्यांची सेवा केली, स्वतः आजारी पडला आणि रानात एकटा राहिला तेव्हा कुत्र्यानं त्याला भाकर आणून दिली, ही गोष्ट आजी इतकी रंगवून सांगायची की कुत्रा आमच्या गावठाणातलाच वाटे.

आमच्या पणजीची (म्हणजे आजीच्या सासूची) दोन पोरं त्या साथीत गेली. तरी लदीन (खुरसापुढची प्रार्थना) संपल्यावर उकडलेले चणे वाटायला हीच पुढं. मीठ घातलेले, वर खोबऱ्याचे बारीक तुकडे. मे महिन्यात लदीन झाली की आम्हीही ओंजळ पसरायचो आणि गरम चण्यांनी तळहात भाजायचे.

मोठा झाल्यावर मी एकदा आजीला विचारलं, “दोन पोरं नेली, तरी तिचा देवावरचा विश्वास कसा राहिला गं?” आजी सुपातले तांदूळ निवडत होती. म्हणाली, “विश्वास होता का नव्हता, हे तिला कोण विचारणार? पहिले काही दिवस ती खुरसाकडे आलीच नाय. घरात बसून भांडत होती म्हणे देवाशी.”

“मग आली कशी?”

“शेजारणीचं पोर आजारी पडलं. तिच्यासाठी रोझरी म्हणायला बाय हवी होती.”

विश्वासावरची बरीच प्रवचनं मी ऐकलीत, सगळीच काही लक्षात राहिली नाहीत. पण देवावर रुसलेली बाई शेजारणीसाठी त्याच्याच पुढं जाऊन उभी राहते, हे मला पटतं. पुढं ते पोर जगलं की नाही, हे मी विचारलं नाही. आजीनंही सांगितलं नाही. ती पुन्हा तांदूळ निवडू लागली आणि मला म्हणाली, “बसलायस तर खडे काढ.”