स्पर्शाची साक्ष

मी कला शाखेचा पदवीधर. यंत्रांशी माझा संबंध एवढाच, की ‘स्पर्श’ हा शब्द माझ्या कवितेत वारंवार येतो. कारखान्यातल्या यंत्रालाही स्पर्श असतो असे कळले, तेव्हा मी त्याचा इतिहास शोधू लागलो.

व्हिटवर्थ या इंग्रज यंत्रकाराने १८५१च्या लंडन प्रदर्शनात इंचाच्या दशलक्षाव्या भागाचा फरक ओळखणारे यंत्र मांडले होते. पट्टीवरच्या रेघा वाचून घेतलेल्या मापापेक्षा, वस्तूच्या दोन्ही टोकांना टेकून घेतलेले माप खात्रीचे, असा त्याचा आग्रह होता. डोळ्यापेक्षा त्याचा भरवसा स्पर्शावर.

पण टेकायचे म्हटले की जोर आला, आणि जोराने नाजूक वस्तू वाकते. काँकॉर्ड विमानाच्या ऑलिंपस इंजिनातल्या इंधनाच्या बारीक नळ्या मोजताना रोल्स-रॉइसपुढे हीच अडचण आली. १९७२ मध्ये तिथले अभियंता डेव्हिड मॅकमर्ट्री यांनी तोड काढली. मोजणारी सळई तीन लहान दांड्यांवर बसवली. प्रत्येक दांडी दोन गोळ्यांवर टेकलेली. या सहा टेकूंमधून वीज खेळते. सळईचे टोक वस्तूला हलकेच लागले, की टेकू सुटू लागतो, प्रवाह अडतो आणि त्याच क्षणी यंत्र आपली जागा टिपून घेते. मग स्प्रिंग सळईला मूळ जागी आणते. हा टच प्रोब. १९७३ मध्ये मॅकमर्ट्री आणि जॉन डिअर यांनी त्यासाठी रेनिशॉ कंपनी काढली.

पुढे हा प्रोब मापनाच्या खोलीतून थेट सीएनसी मशीनवर आला. जॉब उतरवून मोजायचा आणि पुन्हा चढवायचा, तर आधीची सेटिंग जाते. आता हत्यारांच्या रांगेतच प्रोब असतो. तो जॉब चाचपतो आणि निरोप इन्फ्रारेड किरणांनी किंवा रेडिओने पाठवतो. मधे आडोसा येत असेल, तर रेडिओ बरा. सळई शक्य तेवढी आखूड आणि ताठ हवी. लांब सळई निरोप जाण्याआधीच जास्त वाकते, शिवाय ते वाकणे प्रत्येक दिशेला सारखे नसते. खोल खाचेत मात्र लांब सळईवाचून गत्यंतर नाही. म्हणून आधी संगणकाच्या पडद्यावर जॉब, पकड आणि प्रोब यांची रंगीत तालीम घेतात. कुठे धडक बसेल, ते तिथे दिसते.

सळई प्रत्यक्षात किती वाकेल, ते मात्र त्या तालमीत सहसा कळत नाही. त्यासाठी ठाऊक मापाच्या कड्यावर प्रोब टेकवून पाहावा लागतो. शिवाय ज्या मशीनने जॉब कापला, तेच मशीन तो मोजते. त्याचा एखादा अक्ष चुकत असेल, तर कापतानाची चूक मोजतानाही होते आणि माप बरोबरच दिसते. आरोपीच साक्षीदार झाला, तर न्याय कसा व्हायचा? म्हणून जाणते कारागीर मशीनचीही वेगळी तपासणी करतात आणि अधूनमधून जॉब दुसऱ्या मापनयंत्रावर नेतात.

काँकॉर्ड २००३ मध्ये थांबले, मॅकमर्ट्री २०२४ मध्ये गेले. प्रोब मात्र जगभरच्या कारखान्यांत काम करतो आहे. स्पर्शावर विश्वास जरूर ठेवावा, पण दुसऱ्या कुणाची साक्षही काढावी. माणसांच्या व्यवहारातही आपण हेच विसरतो.