पंढरपूरचा ठराव व जामीनकीचें राजकारण

इ. स. १८१२ च्या जुलै महिन्यांत पंढरपूर मुक्कामीं दुसरा बाजीराव पेशवा व दक्षिणेंतील सरंजामदार यांच्यामध्यें जो ठराव झाला, तो वरवर पाहतां धनी व चाकर यांच्यामधील मुलखाच्या तंट्याचा निकाल दिसतो. परंतु ज्या तिऱ्हाइतानें हा तंटा तोडला त्यानें आपलें नांव जामीन म्हणून कागदावर चढविलें, आणि सात वर्षांनीं साताऱ्याच्या तहांत तेंच जामीनपण पुनः अवतरलें. या दोन कागदांचा संबंध दाखविणें हा प्रस्तुत लेखाचा हेतु आहे.

पटवर्धनांचा सरंजाम थोरल्या माधवरावांच्या कारकीर्दीचा. हैदर व करवीरकर या दोघांवर दाब राहावा म्हणून कृष्णेच्या आसमंतांतील मुलूख त्यांजकडे फौजेच्या खर्चास लावून दिला होता. पुढें १७९६ मध्यें चिमाजीअप्पास गादीवर बसविण्याच्या कारस्थानांत परशुरामभाऊ सामील झाले, तें बाजीराव कधींच विसरला नाहीं. १७९९ मध्यें करवीरकरांशीं लढतांना पट्टणकुडीस भाऊ पडले. १८०१ च्या सुमारास चिंतामणराव अप्पांनीं मिरजेंतून विभक्त होऊन सांगलीस ठाणें केलें. सनदेपेक्षां अधिक मुलूख सरंजामदारांनीं दाबला आहे, ही पेशव्याची तक्रार अगदींच निराधार नव्हती. तसेंच सनदी मुलूखही बुडविण्याचा त्याचा मानस आहे, हें सरंजामदारांचें भयही खोटें नव्हतें.

या भांडणांत इंग्रज शिरले ते आपल्या गरजेनें. त्या काळीं फ्रेंचांचें त्यांस भय वाटत होतें. ३१ डिसेंबर १८०२ च्या वसईच्या तहांत, इंग्रजांशीं वैर असलेल्या यूरोपियनांस पेशव्यानें पदरीं ठेवूं नये असें कलम घातलें तें यामुळेंच. त्याच तहानें निजाम व गायकवाड यांच्याशीं असलेले पेशव्याचे तंटे इंग्रजांच्या मध्यस्थीवर सोंपविले गेले. १८०० मध्यें धोंडजी वाघावरील मोहिमेंत व १८०३ च्या पुण्याच्या कूचांत पटवर्धन आर्थर वेल्स्लीच्या बरोबर होते. अशा मित्रांस बाजीरावाच्या हातीं देणें इंग्रजांस सोयीचें नव्हतें, आणि बाजीरावास दुखविणेंही परवडणारें नव्हतें.

१८११ मध्यें एल्फिन्स्टन पुण्यास रेसिडेंट होऊन आला व पुढील वर्षीं त्यानें इंग्रजी फौजेच्या बळावर हा गुंता सोडविला. सनदी मुलूख सरंजामदारांकडे राहावा, सनदेवांचून दाबलेला मुलूख त्यांनीं सोडावा, ठरलेल्या फौजेनिशीं पेशव्याची चाकरी करावी, मागील देणींघेणीं विसरावीं, आणि चाकरी नीट होईल तोंवर त्यांच्या मुलखास इंग्रजांची हमी असावी, असा ठरावाचा आशय होता. पेशव्यास गांव मिळाले, सरंजामदारांस अभय मिळालें. परंतु दोघांमधील प्रत्येक पुढील तक्रार ऐकण्याचा अधिकार मात्र तिसऱ्याकडे गेला. त्याच सालच्या आक्टोबरांत करवीरकरांनीं चिकोडी-मनोळीवरील हक्क सोडला व मालवण इंग्रजांस दिलें. म्हणजे पेशव्याचा तंटा तोडतां तोडतां मध्यस्थास समुद्रकांठचा किल्लाही लाभला.

पेशवाई बुडाल्यावर चिंतामणरावांशीं १५ मे १८१९ रोजीं निराळा करार झाला. कंपनीची लष्करी चाकरी पत्करण्यापेक्षां त्यांनीं तिच्या मोबदल्यांत १,३५,००० रुपये उत्पन्नाचा मुलूख सोडून दिला. हमीची किंमत त्यांनीं मुलखानें चुकविली.

साताऱ्यास ती किंमत याहून जबर पडली. २५ सप्टेंबर १८१९ च्या तहानें प्रतापसिंह महाराजांस वारणा-कृष्णा व नीरा-भीमा यांमधील राज्य मिळालें. पण पंतसचिव, पंतप्रतिनिधि, डफळे, निंबाळकर, अक्कलकोटकर इत्यादि जहागीरदार महाराजांचे चाकर असूनही त्यांच्या मुलखास जामीन इंग्रज. शिवाय पांचव्या कलमानें परराज्यांशींच नव्हे, तर आपल्या हुकमतीबाहेरील सरदारांशींही महाराजांनीं व्यवहार ठेवूं नये असें ठरलें. सांगलीकर त्या हुकमतीबाहेर होते. तेव्हां शाहू छत्रपतींच्या वारसानें पटवर्धनांस पत्र लिहिणें हेंही तहभंगाचें निमित्त होऊं शके! जहागिरींवरील धनीपण कोणाचें या प्रश्नावरून महाराज व मुंबई सरकार यांच्यांत वितुष्ट वाढलें. गोव्याच्या पोर्तुगीजांशीं व नागपूरच्या पदच्युत अप्पासाहेब भोसल्यांशीं संधान बांधल्याचे आरोप आले, ते या पांचव्या कलमाच्याच आधारें. गुन्हा कबूल करून गादी राखण्यास महाराजांनीं नकार दिला. ५ सप्टेंबर १८३९ रोजीं ते पदच्युत झाले. रंगो बापूजींनीं लंडनपर्यंत जाऊन वर्षानुवर्षें दाद मागितली, परंतु जेथें प्रतिवादीच न्यायाधीश तेथें निकाल तो कोणता लागणार? महाराज १८४७ मध्यें काशीस वारले आणि १८४८ मध्यें राज्य खालसा झालें. सांगली मात्र १९४८ पर्यंत टिकली.

या प्रकरणीं एल्फिन्स्टनवर कपटाचा आरोप करावा असें आम्हांस वाटत नाहीं. १८१२ चा त्याचा निवाडा बराच समतोल होता. दोष निवाड्यांत नव्हता, आपसांत निवाडा करण्याची शक्ति उभयपक्षीं नाहींशी झाली होती, त्यांत होता. म्हणूनच खरेशास्त्र्यांनीं पटवर्धनी दफ्तराचें जें काम केलें त्याच्या जोडीस सनदा, तैनातजाबते व गांववार याद्या यांचाही शोध झाला पाहिजे. कोणता गांव सनदी व कोणता दाबलेला, हें त्यांवांचून ठरणार नाहीं. ज्या घराण्यांत असे कागद असतील त्यांनीं ते वाळवीच्या स्वाधीन न करतां अभ्यासकांस दाखवावे, एवढीच आमची विनंती आहे.