बालकांसाठीच्या ललितेतर ग्रंथांचे पुरस्कार : अमेरिकेतील वाटचालीचा एक मागोवा

प्रस्तावना
बालसाहित्य म्हटले की कथा, कविता व कादंबरी हे प्रकार प्रथम डोळ्यांपुढे येतात. चरित्र, इतिहास व विज्ञान यांवरील पुस्तके उपयुक्त मानली जातात. मात्र त्यांना साहित्याचा दर्जा देताना हात आखडता घेतला जातो. ललितेतर बालग्रंथांसाठी स्वतंत्र पुरस्कार का स्थापन करावे लागले आणि त्यांनी कोणते निकष पुढे आणले, याचा विचार अमेरिकेच्या संदर्भात प्रस्तुत लेखात केला आहे.

न्यूबेरी पदक आणि ललितेतर साहित्य
फ्रेडरिक मेल्चर यांनी १९२१ मध्ये सुचविलेले न्यूबेरी पदक अमेरिकन लायब्ररी असोसिएशनतर्फे १९२२ मध्ये प्रथम दिले गेले. ते कोणत्याही एका साहित्यप्रकारापुरते मर्यादित नव्हते. पहिले पदक हेन्ड्रिक विलेम व्हॅन लून यांच्या 'द स्टोरी ऑफ मॅनकाइंड' या मानवेतिहासाच्या ग्रंथाला मिळाले. पुढे मात्र कादंबरीचे वर्चस्व वाढत गेले. गौरविल्या गेलेल्या चरित्रांतही कल्पिताची सरमिसळ असे. एलिझाबेथ येट्स यांचे 'एमॉस फॉर्च्यून, फ्री मॅन' (१९५१) आणि जीन ली लॅथम यांचे 'कॅरी ऑन, मिस्टर बाउडिच' (१९५६) या चरित्रग्रंथांत कल्पित संवाद आढळतात. नायक खरा, परंतु त्याच्या तोंडची वाक्ये लेखकाची, अशी ही पद्धती तत्कालीन बालचरित्रांत रूढ होती.

मतपरिवर्तनाचा काळ
१९७६ मध्ये मिल्टन मेल्ट्झर यांनी 'हॉर्न बुक' नियतकालिकातील लेखात, सर्व पुरस्कार ललित साहित्यालाच का मिळतात, असा प्रश्न उपस्थित केला. ललितेतर लेखनातही कल्पकता, शैली व रचनाकौशल्य असते, ही त्यांची भूमिका होती. त्याच वर्षी 'बॉस्टन ग्लोब–हॉर्न बुक' पुरस्कारांत ललितेतर साहित्याचा स्वतंत्र विभाग सुरू झाला. याच दशकात जीन फ्रिट्झ या कल्पित संवाद टाळून वाचनीय बालचरित्रे लिहीत होत्या. १९८८ मध्ये रसेल फ्रीडमन यांच्या छायाचित्रयुक्त लिंकन-चरित्राला न्यूबेरी पदक मिळाले. अस्सल छायाचित्रे व लिंकन यांचे स्वतःचे शब्द यांवर आधारलेला हा ग्रंथ कल्पिताच्या आधाराविनाही रंजक ठरला.

स्वतंत्र पुरस्कारांची स्थापना
'नॅशनल कौन्सिल ऑफ टीचर्स ऑफ इंग्लिश' या शिक्षकांच्या संस्थेने १९८९ मध्ये 'ऑर्बिस पिक्टस' पुरस्काराची स्थापना केली. कोमेनियस या शिक्षणतज्ज्ञाच्या १६५८ मधील सचित्र पाठ्यपुस्तकावरून हे नाव घेण्यात आले. अचूकता, मांडणी, सजावट व शैली हे त्याचे निकष होत. १९९० मधील पहिला पुरस्कार जीन फ्रिट्झ यांच्या जेम्स मॅडिसन-चरित्राला मिळाला, हे उल्लेखनीय आहे. २००१ पासून अमेरिकन लायब्ररी असोसिएशनच्या बालविभागाने माहितीपर ग्रंथांसाठी सायबर्ट पदक सुरू केले. संदर्भांची नोंद हाही त्याच्या निकषांचा भाग आहे. कुमारवयीन वाचकांच्या ललितेतर ग्रंथांसाठी याच संस्थेच्या कुमारविभागाचा पुरस्कार २०१० मध्ये प्रथम दिला गेला. तो डेबोरा हाइलिगमन यांच्या 'चार्ल्स अँड एमा' या डार्विन दांपत्यावरील ग्रंथाला मिळाला.

निष्कर्ष
स्वतंत्र पुरस्कारांमुळे ललितेतर बालग्रंथांना प्रतिष्ठा लाभली. तथापि मुख्य प्रवाहातील त्यांचे स्थान फारसे बदलले नाही. १९८८ नंतर २०२५ पर्यंत एकाही ललितेतर ग्रंथाला न्यूबेरी पदक मिळाले नाही. या पुरस्कारांचे खरे महत्त्व निकषांत आहे. प्रौढ वाचक लेखकाचे विधान अन्य ग्रंथांशी ताडून पाहू शकतो. बालवाचक मात्र छापील शब्दावर विश्वास ठेवतो. म्हणून बालकांसाठी लिहिताना सत्याबाबत सवलत घेता येत नाही. उलट जबाबदारी अधिक वाढते. अचूकता व संदर्भ यांना साहित्यगुणांच्या बरोबरीचे स्थान देऊन या पुरस्कारांनी हीच जबाबदारी अधोरेखित केली आहे.