फिलिप ऑगस्टसचे विवाह

फ्रान्सचा राजा दुसरा फिलिप (कार. ११८०–१२२३) याचे विवाह राजकारणाशी निगडित होते. एनोच्या इझाबेलाशी ११८० मध्ये झालेल्या पहिल्या विवाहामुळे आर्त्वा प्रदेश पुढे राजघराण्याकडे आला. तिच्या मृत्यूनंतर (११९०) त्याने इंग्लंडविरुद्ध डेन्मार्कचे साहाय्य मिळविण्याच्या हेतूने डॅनिश राजकन्या इंगेबोर्ग हिच्याशी विवाह केला (११९३). पण दुसऱ्याच दिवशी तिचा त्याग केला. फ्रेंच धर्माधिकाऱ्यांनी नातेसंबंधाच्या सबबीवर हा विवाह रद्द ठरविला. इंगेबोर्गने पोपकडे दाद मागितली. तरीही फिलिपने मेरानियाच्या ॲग्नेसशी विवाह केला (११९६). तेव्हा पोप तिसरा इनोसंट याने १२०० मध्ये फ्रान्समधील धार्मिक विधींवर बंदी घातली. ॲग्नेस १२०१ मध्ये मरण पावली. बहुतेक काळ बंदिवासात काढलेल्या इंगेबोर्गला राणीपद परत मिळाले, ते १२१३ मध्ये.