घरची वाईन : एका बरणीचा इतिहास

मुळा-मुठेच्या काठचे खराडी हे गाव १९९७ साली पुणे महानगरपालिकेत समाविष्ट झाले. शेतांच्या जागी उंच इमारती उभ्या राहिल्या आणि वसई, गोवा, मंगळूर, केरळ, तसेच नगर जिल्ह्यातील गावांतून आलेली कॅथलिक कुटुंबे येथे एकमेकांची शेजारी झाली. प्रत्येकाची बोली निराळी, नाताळच्या फराळाचे ताट निराळे. परंतु यांपैकी अनेक घरांच्या आठवणीत एक वस्तू समान आहे. ती म्हणजे स्वयंपाकघराच्या अंधाऱ्या कोपऱ्यात फडक्याने तोंड बांधून ठेवलेली चिनी मातीची बरणी. तिच्यात कोठे जांभूळ, कोठे करवंद, कोठे बीट वा आले, तर कोठे काळ्या मनुका मुरत असत. ही बरणी आपल्याकडे पोर्तुगीजांबरोबर आली, अशी सर्वसाधारण समजूत आहे. इतिहास मात्र वेगळे सांगतो.

फळाफुलांचा रस आंबविण्याची विद्या या भूमीत फार जुनी आहे. चरकसंहितेत आसवांचे चौऱ्याऐंशी प्रकार मोजले असून धान्य, फळे, मुळे, फुले, खोड, पाने, साल, साखर अशी त्यांची उगमस्थाने सांगितली आहेत. वैद्यांच्या आसवारिष्टांत आजही धायटीची फुले घालतात. सह्याद्रीच्या उतारावर उन्हाळ्याच्या तोंडाशी लाल फुलांनी भरणारे हे झुडूप आपल्यापैकी अनेकांनी पाहिले असेल. त्या फुलांतील मधाबरोबर किण्वाचे सूक्ष्म जीव रसात उतरतात आणि रस आंबू लागतो. वैद्यांचे द्राक्षासव आणि आपल्या आजीची मनुकांची वाईन ही एकाच विद्येची दोन अपत्ये होत.

त्याहून लक्षणीय आहे ते कौटिल्याच्या अर्थशास्त्रातील सुराध्यक्षाचे प्रकरण. मद्याची निर्मिती आणि विक्री राजाच्या ताब्यात असावी, असा त्याचा कटाक्ष आहे. तरीही कुटुंबवत्सल गृहस्थांना घरच्या कार्यासाठी सुरा आणि औषधासाठी अरिष्ट करण्याची मुभा तो देतो. उत्सव, मेळे आणि यात्रा यांसाठी चार दिवसांची सवलतही सांगतो. कठोर म्हणून ख्यात असलेल्या या राजनीतिज्ञाने गुत्ता आणि घर यांत भेद केला, हे ध्यानात ठेवावे. पुढील साऱ्या इतिहासाचे मर्म या भेदात आहे.

आता द्राक्षांकडे वळू. चौदाव्या शतकात दौलताबादला आलेल्या इब्न बतूताने तेथील द्राक्षे आणि डाळिंबे यांचा उल्लेख केला असून त्यांना वर्षातून दोनदा बहर येतो, असे लिहिले आहे. दख्खनला द्राक्षवेल अपरिचित नव्हती. परंतु देशाच्या इतर भागांत ताजी द्राक्षे दुर्मिळ होती आणि ख्रिस्ती उपासनेपुढे त्यामुळे मोठी अडचण उभी राहत असे. सोळाव्या शतकाच्या आरंभी मलबारात राहिलेल्या दुआर्ते बार्बोसा या पोर्तुगीज लेखकाने तेथील संत थॉमसच्या ख्रिस्ती लोकांविषयी माहिती दिली आहे. ते परदेशातून आलेले बेदाणे रात्रभर पाण्यात भिजत घालून दुसऱ्या दिवशी पिळीत आणि तो रस मिस्साविधीसाठी वापरीत.

बेदाणेच का? जांभूळ वा फणस का नव्हे? कारण ख्रिस्तसभेचा नियम याबाबतीत निःसंदिग्ध आहे. वेदीवरचा द्राक्षारस हा द्राक्षफळाचाच, नैसर्गिक आणि न बिघडलेला असला पाहिजे, असे १९८३ च्या धर्मविधिसंहितेत नमूद आहे आणि २००४ साली रोमने त्याचा पुनरुच्चार केला आहे. बेदाणा हे वाळलेले द्राक्षच असल्याने त्यापासून केलेली, रंगाने व चवीने खरी ठरणारी वाईन चालते. जांभळाची वाईन कितीही उत्तम उतरली तरी ती वेदीवर जात नाही. तिचे स्थान कुटुंबाच्या मेजावर, पाहुण्याच्या स्वागतात आणि सणाच्या आनंदात आहे. वेदी आणि मेज यांतील हे अंतर आपल्या पूर्वजांनी जाणले होते.

पोर्तुगीजांनी १५३४ मध्ये वसईचा प्रदेश मिळविला आणि १७३९ मध्ये चिमाजी आप्पांच्या स्वारीनंतर तो सोडला. या दोन शतकांत वसई, साष्टी आणि मुंबई येथील ख्रिस्ती समाजाच्या खाण्यापिण्यावर युरोपीय वळणाचा ठसा उमटला. परंतु साहित्य मात्र या मातीतलेच राहिले. बरणीत पडली ती परसातली आणि रानातली फळे. दख्खनच्या द्राक्षांचा हंगाम जानेवारी ते एप्रिल. जांभूळ व करवंद उन्हाळा-पावसाळ्याच्या सीमेवर पिकतात. म्हणून नाताळची वाईन एक तर पावसाळ्याच्या तोंडी घालून मुरवीत ठेवावी लागे, किंवा बारमाही मिळणाऱ्या मनुकांवर भिस्त ठेवावी लागे. ईस्ट इंडियन समाजाचे खिमाड हे मसाल्याचे ऊन पेय याहून वेगळे. त्याचा पाया गाळलेल्या दारूचा असतो. बरणीतली वाईन मात्र केवळ आंबविलेली असते, भट्टीवर चढविलेली नसते.

बरणीत नेमके काय घडते, हे लुई पाश्चर यांनी एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात सिद्ध केले. फळाच्या सालीवरील किण्व साखर खाऊन मद्यार्क व कार्बन डायऑक्साइड वायू निर्माण करते. मद्यार्काचे प्रमाण साधारणतः पंधरा टक्क्यांच्या आसपास पोहोचले की बहुतेक किण्व निष्प्रभ होते आणि उकळी शमते. वायूला वाट न ठेवता झाकण घट्ट बसविले तर बरणी फुटते. उलट, आंबणे संपल्यावर हवा लागत राहिली तर दुसरे जीव त्या वाईनचा शिरका करतात. म्हणून प्रारंभी फडके, दररोज लाकडी पळीने ढवळणे, तीन आठवड्यांनी गाळणे आणि मग बाटल्या भरून स्वस्थ ठेवणे, हा क्रम घराघरांत पाळला गेला. नवा द्राक्षारस जुन्या बुधल्यांत घालू नये, हा प्रभू येशूचा दृष्टांत ऐकणाऱ्या गालीलातील गृहिणींना तो वायू अनुभवाने ठाऊक होता. आपल्या आजीलाही ठाऊक होता.

इंग्रजी अमलात मात्र राज्यकर्त्यांनी कौटिल्याचा भेद पुसला. १८७८ च्या मुंबई अबकारी कायद्याने मद्य आणि ताडी यांवरील सरकारी पकड घट्ट केली. ताडाच्या झाडांवर कर बसला. १८९२ च्या मोहवा कायद्याने ठाणे व कुलाबा जिल्ह्यांत मोहाच्या फुलांवरच निर्बंध आले. रानात पडलेले फूल वेचून घरी ठेवणे हादेखील संशयाचा विषय झाला. एकीकडे घरची भट्टी बंद, तर दुसरीकडे परवान्याच्या दुकानांतून महसुलाची वाढ, असा हा दुटप्पी व्यवहार होता. पुणे नगरपालिकेचे सभासद असलेल्या जोतीराव फुले यांनी १८८० साली शहरातील वाढत्या दारूदुकानांविरुद्ध पत्र लिहून आवाज उठविला तो याच काळात. त्यांचा रोख गोरगरिबांचे संसार धुळीस मिळविणाऱ्या गुत्त्यावर होता.

स्वातंत्र्यानंतर १९४९ चा मुंबई दारूबंदी कायदा झाला आणि १९५० पासून संपूर्ण मुंबई राज्यात दारूबंदी आली. धार्मिक विधीच्या द्राक्षारसासाठी धर्मगुरूंना परवानगी देण्याची तरतूद त्यात केली गेली. वेदीची सोय झाली. मेजाची झाली नाही. पुढे १९६० च्या दशकापासून बंदी सैल होत गेली. १९८० च्या दशकात आपल्याच जिल्ह्यात, नारायणगावजवळ, वाईननिर्मितीचा मोठा कारखाना उभा राहिला. २००१ साली महाराष्ट्र शासनाने द्राक्षप्रक्रिया उद्योगाला उत्तेजन देणारे धोरण आखले. परंतु विनापरवाना मद्य तयार करणे हा आजही गुन्हा आहे. २०१९ च्या डिसेंबरात केरळच्या अबकारी खात्याने घरगुती वाईनविषयी ताकीद दिली, तेव्हा अनेक ख्रिस्ती कुटुंबांना या वास्तवाची प्रथमच जाणीव झाली.

वाचकहो, या इतिहासाचे तात्पर्य काय? परंपरा जुनी आहे एवढ्यावरून ती कायद्याच्या वर जात नाही. व्यसनाने उद्ध्वस्त झालेली घरे प्रत्येक धर्मग्रामात आहेत. त्यांच्यासमोर वाईनचे गुणगान करणे निष्ठुरपणाचे ठरेल. संत पौलाने तिमथ्याला पोटाच्या विकारासाठी थोडा द्राक्षारस घेण्यास सांगितले, त्यातील ‘थोडा’ हा शब्द विसरून चालणार नाही. तथापि, उद्योगाला उत्तेजन देणाऱ्या शासनाने वर्षातून एकदा सणासाठी भरलेल्या, विक्रीला न जाणाऱ्या बरणीचा वेगळा विचार का करू नये, हा प्रश्नही रास्त आहे. सनदशीर मार्गाने तो विचारण्याचा आपल्याला अधिकार आहे.

तोवर एक काम आपल्या हाती आहे. कोणत्या रानातली करवंदे, कोणत्या नक्षत्रावर उतरविलेली जांभळे, साखरेचे माप कोणते, ही माहिती वृद्ध स्त्रियांच्या स्मरणात आणि तेलकट झालेल्या वह्यांत आहे. ती लिहून ठेवावी. त्याच फळांचे न आंबविलेले सरबत, आल्याचा साखर घालून उकळलेला अर्क यांनी नाताळच्या मेजाचे स्वागत आजही निर्वेधपणे करता येते. खराडीच्या सदनिकांत परस उरला नाही, जांभळाचे झाडही क्वचितच दिसते. बरणी भरण्यापूर्वी ऋतूची वाट पाहणे आणि भरल्यावर सणाची वाट पाहणे, ही त्या विद्येची खरी शिस्त होती. तयार बाटलीबरोबर ती विकत मिळत नाही. मुलांना ती घरातच शिकवावी लागते.