पडलेले घर कुठे जाते?

भोकरदनच्या कडेने केळणा नदी वाहते. तेथील जुन्या पांढरीवर १९७३ साली नागपूर आणि मराठवाडा या दोन विद्यापीठांनी मिळून उत्खनन केले. देव आणि गुप्ते यांनी लिहिलेला त्याचा अहवाल पुढच्याच वर्षी प्रसिद्ध झाला. सांची आणि भारहूत येथील स्तूपांवर दान देणाऱ्यांच्या नावांसोबत ‘भोगवर्धन’ हे जे गाव कोरलेले आहे ते हेच. सातवाहनांच्या काळात ही भरभराटीची पेठ होती, हे मराठवाड्यातील शिक्षक वर्गात सांगतातच. आम्हांला येथे लक्ष वेधायचे आहे ते पांढरीकडे. पांढर निसर्गाने घडवलेली नसते. मातीचे घर पडते, त्याच मातीवर दुसरे उभे राहते, तेही पडते, आणि काही शतकांत गाव आपल्याच घरांवर चढून बसते. पांढर म्हणजे पडलेल्या घरांचा ढीग. पुरातत्त्वज्ञ तो एकेक थर उलगडून वाचतात.

घर पाडणे हा प्रश्न आपल्याकडे दोन हजार वर्षे का पडला नाही, याचे उत्तर या ढिगातच आहे. माळवदाचे घर उतरवले की तुळया, खांब आणि चौकटी दुसऱ्या घराला लागत. दगड नव्या जोत्यात जात. माती पुन्हा भिजवून भिंतीला किंवा धाब्याला लागे, उरलेली शेतात पसरे. आमच्या मराठवाड्यात ठेकेदाराला गुत्तेदार म्हणतात. अशा घराचे काम घेताना गुत्तेदार एवढेच पाहत असे की सागवान किती निघेल. पुष्कळदा मालकाने त्याला पैसे देण्याऐवजी तोच मालकाला देई.

हे सांगताना जुन्या घराचे गोडवे गाण्याचा आमचा हेतू नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपात सुमारे आठ हजार माणसे गेली, ती मुख्यतः दगडमातीच्या जाड भिंती आणि मातीचे जड छप्पर यांच्याखाली सापडून. त्यानंतर मराठवाड्यात हलक्या छपराची ओढ वाढली, यात नवल नाही. पण हलके छप्पर म्हणजे बहुधा लोखंडी किंवा सिमेंटचा पत्रा. या दुसऱ्या पत्र्याचा इतिहास थोडा लांबून सुरू करावा लागेल.

भोकरदनच्या उत्खननात हस्तिदंताच्या एका स्त्रीमूर्तीचा खालचा भाग मिळाला. तशाच घडणीची अखंड मूर्ती १९३८ साली इटलीतील पाँपेई येथे सापडली होती. इ. स. ७९ मध्ये व्हेसुव्हियस ज्वालामुखीच्या राखेत पुरलेले ते शहर. त्याच उद्रेकात रोमन लेखक थोरला प्लिनी मरण पावला. प्लिनीने आपल्या निसर्गविषयक ग्रंथात न जळणाऱ्या एका कापडाचे वर्णन केले आहे. मेजवानीतील मळके हातरुमाल विस्तवात टाकले की पाण्याने धुतल्यापेक्षा स्वच्छ निघतात, असे तो म्हणतो, आणि हे ‘जिवंत तागाचे’ झाड भारतातील सूर्याने होरपळलेल्या वाळवंटात वाढते, अशी माहिती देतो. झाड ही त्याची चूक होती. ते कापड ॲस्बेस्टॉसचे, म्हणजे तंतुमय खनिजाचे होते.

ॲस्बेस्टॉस विणणाऱ्या गुलामांना फुप्फुसाचा रोग होतो, हेही प्लिनीने लिहून ठेवल्याचे अनेक पुस्तकांत आढळते. ते खरे नाही. तोंडावर जनावराच्या फुग्याचे (मूत्राशयाचे) मुखवटे बांधणाऱ्या कामगारांचा उल्लेख त्याने केला आहे, पण ते हिंगूळ कुटणारे होते. हिंगुळात पारा असतो. एका पुस्तकातून दुसऱ्यात उतरत गेलेली ही चूक शिक्षकांनी तरी पुढे नेऊ नये. खरा इतिहास बराच अलीकडचा आहे आणि तो अधिक बोचणारा आहे.

ऑस्ट्रियातील लुडविग हाचेक याने १९०० च्या सुमारास कागद करण्याच्या यंत्रासारख्या यंत्रावर सिमेंट आणि ॲस्बेस्टॉसचा पातळ लगदा थरांत बसवून तक्ते तयार केले. साधारण नऊ भाग सिमेंट आणि एक भाग तंतू. लोखंडाच्या सळ्या काँक्रीटमध्ये जे काम करतात तेच हे तंतू पत्र्यात करतात. पत्रा हलका, न जळणारा, न गंजणारा, न कुजणारा. त्याला नाव मिळाले ‘एटर्निट’, चिरंतन या अर्थाच्या लॅटिन शब्दावरून.

आता दुसरी हकिगत. इंग्लंडमधील रॉचडेल येथे ॲस्बेस्टॉसच्या सूतगिरणीत काम करणारी नेली करशॉ १९२४ साली तेहतिसाव्या वर्षी मरण पावली. डॉ. कुक यांनी तिच्या फुप्फुसात खनिजाचे कण पाहिले आणि ते प्रसिद्ध केले; पुढे त्यांनीच या रोगाला ‘ॲस्बेस्टॉसिस’ हे नाव रूढ केले. १९३० साली मेरेवेदर आणि प्राइस यांचा सरकारी अहवाल आला. त्यांनी तपासलेल्या ३६३ कामगारांपैकी ९५ जणांना हा रोग होता. १९३१ मध्ये ब्रिटिश सरकारने गिरण्यांतील धुळीवर नियम केले. नेली ज्या गिरणीत होती ती टर्नर अँड न्यूऑल या समूहाची. याच समूहाच्या कंपनीने १९३४ साली कटनीजवळ कैमोर येथे सिमेंटच्या पत्र्याचा कारखाना उभारला. पुढे मुंबईत मुलुंडलाही पत्रे होऊ लागले. म्हणजे धूळ घातक आहे हे आपल्या छपरावर पहिला देशी पत्रा चढण्याआधी ठाऊक झाले होते. या लेखातील सर्व सनावळ्यांत ही एक शिक्षकांनी फळ्यावर लिहावी असे आम्हांला वाटते.

पत्रा आपल्याकडे इतका पसरला कसा? गोदामे, रेल्वेच्या शेड, गिरण्या, शाळा, चाळी अशी त्याची वाटचाल झाली. पण त्याचे खरे घर कोकण किनारा. समुद्राच्या हवेतील क्षारांमुळे लोखंडी पत्र्याचे जस्त लवकर जाते आणि पत्रा गंजून चाळणी होतो. कौले आणि नळे टिकतात, पण दरवर्षी पावसाआधी ते परतावे लागतात, आणि ते परतणारी माणसे मुंबईला गेलेली. सिमेंटच्या पत्र्याने हे दोन्ही प्रश्न एकदम सोडवले. त्याला कोणी मूर्खपणा म्हणू नये. घरमालकाच्या जागी आपण असतो तर आपणही तेच केले असते.

तंतू सिमेंटमध्ये घट्ट बसलेले असतात तोवर धोका थोडा. पत्रा करवतीने कापला, भोके पाडली, फोडला, घासला की ते सुटतात. सुटलेला तंतू डोळ्यांना दिसत नाही इतका बारीक असतो आणि श्वासाबरोबर फुप्फुसाच्या टोकापर्यंत जातो. शरीरातील भक्षक पेशी त्याला गिळू पाहतात. पण लांब तंतू पेशीत मावत नाही, विरघळत नाही, आणि तेथे दाह वर्षानुवर्षे चालू राहतो. रोग दिसतो तो बहुधा वीस ते चाळीस वर्षांनी. १९६० साली वॅग्नर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दक्षिण आफ्रिकेतील फुप्फुसावरणाच्या कर्करोगाचे ३३ रुग्ण नोंदवले. त्यांतील काहींनी खाणीत कधी पाऊल टाकले नव्हते, ते फक्त खाणीच्या आसपास राहिले होते. १९६५ साली लंडनमधील अभ्यासात असे रुग्ण आढळले की ज्यांचा संबंध घरातील कामगाराच्या धुळीने भरलेल्या कपड्यांपुरताच होता. पांढरा ॲस्बेस्टॉस निळ्यापेक्षा कमी घातक, असा युक्तिवाद होत असे आणि अजून होतो. परंतु जागतिक आरोग्य संघटना सर्वच प्रकार कर्करोगकारक मानते.

जुना पत्रा नव्यापेक्षा वाईट, हेही ध्यानात घ्यावे. पावसाचे पाणी किंचित आम्ल असते. ते सिमेंटचा वरचा थर हळूहळू विरघळवते आणि तंतू उघडे पडतात. कोकणात त्यावर शेवाळ चढते, आणि पावसाआधी कोणी उत्साही माणूस ते तारेच्या ब्रशने खरवडतो. त्यापेक्षा शेवाळ राहिलेले बरे.

हे सारे घराच्या शेवटाशी येऊन कसे भिडते ते ३ जून २०२० रोजी दिसले. निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळले आणि श्रीवर्धन, मुरूड, म्हसळा, दापोली, मंडणगड या भागांत हजारो घरांची छपरे उडाली. सिमेंटचा पत्रा वाऱ्याने लोखंडी पत्र्यासारखा वाकत नाही, तो फुटतो. आमच्याकडे समुद्र नाही, पण २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमधील गारपीट मराठवाडा विसरलेला नाही, आणि गारही तेच करते. फुटलेले तुकडे सहसा अंगणातील खड्ड्यात, पायवाटेवर किंवा ओढ्यात जातात. पांढरीची जुनी सवयच ही, पडले ते जागच्या जागी मुरू द्यायचे. फरक इतकाच की माती मुरते. हे खनिज शेकडो वर्षे तसेच राहते आणि पायाखाली रगडले की पुन्हा हवेत येते.

कायद्याने या प्रवासाचा आरंभ पाहिला, शेवट फारसा पाहिला नाही. २७ जानेवारी १९९५ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने कामगाराचे आरोग्य हा जगण्याच्या मूलभूत हक्काचा भाग मानला आणि ॲस्बेस्टॉस कामगारांच्या आरोग्याच्या नोंदी चाळीस वर्षे ठेवण्यास सांगितले. २००६ मध्ये ‘क्लेमांसो’ ही फ्रेंच विमानवाहू नौका मोडण्यासाठी अलंगकडे येत होती. तिच्यातील ॲस्बेस्टॉसवरून इतका गदारोळ झाला की फ्रान्सने ती अर्ध्या वाटेवरून परत नेली. २०११ साली ॲस्बेस्टॉसवर सरसकट बंदी घालण्याची मागणी सर्वोच्च न्यायालयाने मान्य केली नाही. २०१६ च्या बांधकाम-पाडकाम कचऱ्याच्या नियमांनी योजना आधी मंजूर करून घेण्याची सक्ती केली ती दिवसाला २० टन किंवा महिन्याला ३०० टनांहून अधिक कचरा करणाऱ्यांवर. चार खोल्यांच्या घराचे छप्पर त्या आकड्याच्या जवळपासही जात नाही. कारखान्यातील कामगार आणि जहाज यांची दखल घेतली गेली. श्रीवर्धनच्या घरावर हातोडा घेऊन चढलेला मजूर मात्र यातून निसटला.

म्हणून गुत्तेदार ठरवणाऱ्याचीच जबाबदारी मोठी. येथे जुना सौदा आड येतो. गुत्तेदाराची कमाई सागवान, लोखंड, विटा यांतून होते. पत्र्याला मोल नाही, तेव्हा तो जितका झटपट फुटून खाली येईल तितका त्याचा फायदा. हा त्याचा दुष्टपणा नव्हे, हिशेब आहे. हिशेब बदलायचा तर पत्रे उतरवण्याची मजुरी वेगळी ठरवावी आणि ती अखंड उतरलेल्या पत्र्यावर द्यावी. आधी पाण्याचा बारीक फवारा मारून पत्रा भिजवायचा, हुकाचे बोल्ट सोडवायचे, गंजलेले असतील तर कापायचे, पत्रा न आपटता हातोहात खाली घ्यायचा, ओला ठेवून जाड प्लॅस्टिकमध्ये गुंडाळायचा. कोरडा झाडू मारायचा नाही. तोंडाला रुमाल बांधून भागत नाही, बारीक कण अडवणारा आणि चेहऱ्याला घट्ट बसणारा मास्क हवा. कामाचे कपडे घरी बायकोने धुवायला न्यायचे नाहीत. लंडनचा अभ्यास याच कारणाने वर सांगितला. आणि या सर्वांहून तातडीचा धोका म्हणजे पडण्याचा. जुना पत्रा माणसाचे वजन पेलत नाही. फळी टाकल्याशिवाय कोणालाही वर चढू देऊ नये. तंतू वीस वर्षांनी मारील, मोडलेला पत्रा त्याच दिवशी मारतो.

पत्र्यात ॲस्बेस्टॉस आहे की नाही हे पाहून सांगता येत नाही, त्यासाठी ध्रुवित प्रकाशाच्या सूक्ष्मदर्शकाची तपासणी लागते. जुना पत्रा असेल तर आहे असे धरूनच चालावे. विज्ञानाच्या तासाला तुकडा आणून दाखवण्याचा मोह टाळावा. प्रयोगशाळेच्या कपाटात तिवईवर ठेवायची जुनी तारेची जाळी असेल, मधोमध पांढरा गोल असलेली, तर तो गोल बहुधा ॲस्बेस्टॉसचाच आहे. ती पिशवीत बंद करून बाजूला ठेवावी. सिरॅमिकच्या जाळ्या बाजारात मिळतात.

जुन्या दारे-खिडक्यांचे एक सांगायचे राहिले. त्यांच्यावरील तेलरंगात शिसे असण्याची शक्यता मोठी आहे, कारण घरगुती रंगातील शिशावर दशलक्ष भागांत ९० भागांची मर्यादा आपल्याकडे नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाली. पाडलेल्या घराचे रंगवलेले लाकूड बंबात किंवा चुलीत घालणे म्हणजे ते शिसे धुरात आणि राखेत आणणे. राख भांडी घासायला जाते, आणि शिशाचा सर्वांत वाईट परिणाम लहान मुलांच्या मेंदूवर होतो.

मग उतरवलेले पत्रे कुठे न्यायचे? घातक कचऱ्यासाठी बांधलेली मोठी स्थळे महाराष्ट्रात मोजकीच आहेत: तळोजा, रांजणगाव, बुटीबोरी. भोकरदनहून रांजणगाव दोनशे किलोमीटरहून दूर. एका घराचे वीस-पंचवीस पत्रे घेऊन कोणी तिकडे जाणार नाही, हे आम्हांलाही कळते. पण एखाद्या गावातील शाळा, पंचायतीचे गोदाम आणि दहा घरे यांचे पत्रे एकत्र केले तर एक ट्रक भरतो. तोवर ते अखंड, गुंडाळलेले, मुलांच्या पायवाटेपासून दूर रचून ठेवता येतात. चार-दोन वर्षे तसेच राहिले तरी चालेल. फोडून खड्ड्यात मात्र घालू नयेत.