गालिमोटो

इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षी वर्कशॉपमध्ये लोखंडाचा एक तुकडा कानसीनं घासून काटकोनात आणायचा होता. माझा शेवटपर्यंत आला नाही. पुढे मी सॉफ्टवेअरमध्ये शिरलो आणि विषय संपला. त्यामुळे मलावीतल्या पोरांच्या गाड्यांबद्दल वाचताना मला जरा ओशाळल्यासारखं होतं.

तिथल्या चिचेवा भाषेत 'गालिमोटो' म्हणजे मोटारगाडी. पोरांनी घरी बनवलेल्या गाडीचंही नाव तेच. जुनी तार वाकवून सांगाडा करायचा आणि एक लांब तार वर आणून तिच्या टोकाला स्टिअरिंग. गाडी पुढे, पोरगं मागे उभ्यानं चालतंय. स्टिअरिंग फिरवलं की पुढची चाकं खरोखर वळतात! लहानपणी मला विकत आणून दिलेल्या एकाही गाडीची वळत नव्हती.

तार नसेल तर पुठ्ठा. चिबुकू ही मका-ज्वारीची गढूळ बिअर खोक्यात मिळते. पिण्याआधी हलवावी लागते, म्हणून 'शेक शेक'. मोठ्यांनी फेकलेलं खोकं म्हणजे ट्रकची बॉडी, बाटल्यांची बुचं म्हणजे चाकं. कासुंगू जिल्ह्यातल्या विम्बेजवळ वाढलेल्या विल्यम कामक्वाम्बानं असेच ट्रक केले होते.

हा विल्यम तुम्हाला 2019 च्या सिनेमातून माहीत असेल. 2001-02 च्या दुष्काळात फी भरता आली नाही, शाळा सुटली आणि त्यानं भंगारातून पवनचक्की उभारली. ही गोष्ट सांगणारे बहुतेक जण वाचनालयातल्या इंग्रजी पुस्तकापासून सुरुवात करतात. मला ते अर्धवट वाटतं. पुस्तकात पवनचक्कीचं चित्र होतं. सायकलची फ्रेम, ट्रॅक्टरचा पंखा आणि तापवून सपाट केलेल्या पीव्हीसी पाइपची पाती एकमेकांना कशी जोडायची, ते त्यात नव्हतं. वॉशरला पैसे नव्हते, तेव्हा त्यानं बिअरची बुचं ठोकून, भोकं पाडून वापरली. म्हणजे ट्रकची चाकंच!

पुस्तकावर नाव छापलेलं असतं, ते शेल्फवर टिकतं. पुठ्ठ्याचा ट्रक पहिल्या पावसात लगदा होतो, मग इतिहासात त्याची नोंद कोण घेणार? पोरांचा खेळ म्हणून सोडून देतात.

घरात वीज आल्यावर वायरिंगची भीती होती, म्हणून त्यानं खिळ्यांवर तार गुंडाळून, मधे लोहचुंबक ठेवून सर्किट ब्रेकर केला. दिव्याच्या बटणाला जुन्या चपलेचं रबर लावलं.